विनातिकीट

"नाव वल्हवणारा. तीन अक्षरं," सुमंगलाने रविवारच्या पेपरातून वाचले.

"गवंडी," तिचा सासरा कृष्णनाथ म्हणाला.

नाव वल्हवतो तो नावाडी, हे पेडण्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक. कृष्णनाथ मुद्दाम चुकला होता आणि कान टवकारून बसला होता. डोळे गेल्यापासून शब्दकोडे सून वाचायची, तो उत्तर सांगायचा, ती लिहायची. पेन जरासे अडखळले. मग काहीतरी लिहिले गेले.

"झालां?"

"झालां, बाबा."

संशयाचा किडा गेल्या रविवारी शिरला होता. शेजारचा दत्ताराम आदल्या कोड्याची छापून आलेली उत्तरे ताडून बघत होता. खोगीर आवळायचा पट्टा, तंग. "सगळां बरोबर, कृष्णनाथबाब. तुमकां तोड नाय." कृष्णनाथ तेव्हा नुसता हसला. त्याने तर 'दोर' सांगितले होते.

आज त्याने ओट्यावरून दत्तारामला हाक मारली आणि सुनेला पेपर त्याच्या हातात द्यायला लावला. "नाव वल्हवणारा. थंय काय लिवलांसा, वाच."

"नावाडी. मगे आणि काय असतलां?"

"बरां. जा तू."

दत्तारामने दोघांची तोंडे बघितली आणि काढता पाय घेतला.

"मी काय सांगलंय?" कृष्णनाथने विचारले.

"गवंडी."

"मगे?"

"आडव्या शब्दाक जुळना नाय, बाबा."

कृष्णनाथच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "जल्मभर मी कंडक्टर होतंय. पेडण्याची गाडी वास्कोक पावासर एक माणूस तिकीट नायस्ताना बसाक दिवक नाय. सख्ख्या मेवण्याक धारगळीक उतरवलंय. आणि तू माका फुकट फिरवतंस? माजी कींव करतंस?"

सुमंगलाने पेन आपटले. लग्न होऊन आल्यापासून ती या माणसापुढे मान वर करून बोलली नव्हती.

"कींव नाय, बाबा. भंय. एक चौकोन रिकामो ऱ्हवलो काय तुमी ताट सारतास. मगे तुमचो झील जेवणा नाय, पोरां गप्प. सकाळधरून रांदलेलां तशांच थंड जाता. डोळे होते तेव्हाय ह्याच. म्हणान लिवलंय बरोबर. तुमच्यासाठी न्हय, आमच्यासाठी."

कृष्णनाथने पेपराच्या दिशेने बोट रोखले.

"खोड ता," तो म्हणाला. "गवंडी लिव."

"आडवो शब्द मोडतलो."

"मोडूं दी."

"लिवतंय. पण आयज ताट सारलास, तर फुडल्या आयताराक वाचूक दुसरां कोण तरी बघा."

तिने 'नावाडी' इतक्या जोराने खोडले की पेपर टरकला. तो आवाज त्याला स्वच्छ ऐकू आला. पुढचे ती वाचत गेली, एका सुरात, कोर्टातल्या कारकुनासारखी. त्याने सांगितले तेच लिहिले, चूक तर चूक. काही शब्द त्याला आलेच नाहीत. तो डोके खाजवत बसला, तिने एक अक्षरही सुचवले नाही. "सोड," तो दर वेळी म्हणाला, कडू काढा गिळल्यासारखा. कोडे अर्धवट राहिले.

दुपारी ताट आले. भात, बांगड्याचे हुमण, सोलकढी. कृष्णनाथने चाचपून ताटाची कड धरली. मुलगा भात कालवायचा थांबला. पोरांनी आजोबांच्या हाताकडे बघितले. बोटे कडेवर आवळली, पांढरी पडली.

मग सुटली. त्याने भात कालवला आणि दातओठ खात जेवायला लागला. एक शीत मागे ठेवले नाही.

"हुमण वाढू, बाबा?" सुमंगलाने विचारले.

"वाढ," तो खेकसला.