चिमटा

"मणक्यात कुठेही काही दाबलं गेलेलं नाही," जनावरांच्या डॉक्टरीणबाई स्क्रीनकडे बघत म्हणाल्या आणि प्लंबरचा जीव भांड्यात पडला. त्याच्या बायकोचा पडला नाही. त्यांच्या कुत्र्याला, गुंड्याला, एमआरआयच्या यंत्रात ठेवण्याआधी बाई काय बोलल्या होत्या ते तिने नीट ऐकलं होतं. मणक्यातली गादी सरकून मज्जारज्जूवर दाब येत असेल, तर ऑपरेशन करता येईल. दाबच नाही म्हटल्यावर ऑपरेशन कशाचं करणार?

"मग मागचे पाय का उचलत नाही तो?" तिने विचारलं.

बाईंनी स्क्रीनवर बोट ठेवलं. कुत्र्याच्या पाठीतून जाणाऱ्या करड्या मज्जारज्जूत मधेच एक पांढरा डाग होता, नखाएवढा. "इथली बारीक रक्तवाहिनी बंद झाली. खेळता खेळता किंचाळला आणि खाली बसला म्हणालात ना, तेव्हाच. एवढ्या भागाला रक्त मिळालं नाही."

"म्हणजे ब्लॉक आहे," प्लंबर म्हणाला. आता विषय त्याच्या हातातला होता. "ब्लॉक कुठे आहे ते सापडलं की अर्धं काम झालं, बाई. मी गिऱ्हाइकांना तेच सांगतो. तार घाला, औषध सोडा, काय ते करा."

बिचाऱ्याचा सगळा जन्म तुंबलेलं मोकळं करण्यात गेला होता.

"पाइप असता तर तुम्हालाच बोलावलं असतं," बाई म्हणाल्या. त्या हसल्या नाहीत. "तो भाग मेलाय. रक्त पुन्हा सुरू झालं तरी जिवंत होणार नाही. आजूबाजूचं किती शाबूत आहे, एवढंच आता बघायचं."

टेबलावर गुंड्या बायकोच्या दंडावर मान टाकून पडला होता. भूल पुरती उतरली होती. त्याच्या पाठीवरून हात फिरवत ती म्हणाली, "दुसऱ्या दिवशी कण्हायचा थांबला. मला वाटलं, माझ्या शेकाने उतार पडला. हे दवाखान्यात नेऊ म्हणत होते, मीच नको म्हटलं."

दुखणं थांबलं होतं ते बरं वाटल्यामुळे नव्हे, हे बाईंना ठाऊक होतं. "लगेच आणला असतात तरी फार काही करता आलं नसतं," एवढंच त्या म्हणाल्या. ते खरंही होतं, पण बायकोला ते खरं वाटलं नाही.

बाईंनी स्टीलचा चिमटा घेतला. "मी मागच्या पायाचं बोट दाबते. पायाकडे बघू नका, तोंडाकडे बघा. मागे वळला, ओरडला, मला चावायला आला, तर आशा आहे. महिन्या-दोन महिन्यांत उभा राहू शकेल. नाहीतर पाय गेले. लघवीसुद्धा आपली आपण व्हायची नाही."

चिमटा बसला. पाय झटकन आखडला.

"ओढला, ओढला," प्लंबर बायकोचा खांदा हलवत म्हणाला.

"पाय आपोआप आखडतो," बाई म्हणाल्या. "वर मेंदूपर्यंत खबर पोचायला हवी."

वर काहीच खबर नव्हती. गुंड्या दाराकडे बघत होता, घरी कधी जायचं अशा चेहऱ्याने.

"जोरात दाबा," बायको म्हणाली. गुंड्याचं नख जरा खोल कापलं गेलं तर नवऱ्याशी दोन दिवस न बोलणारी ती. "आणखी जोरात. ओरडू दे त्याला."

बाईंनी सगळा जोर लावला. गुंड्याने जांभई दिली.

मग प्लंबर पुढे झाला. पाना घसरला की तो आधी पान्यालाच शिव्या घालायचा.

"चिमटा सैल आहे तुमचा. द्या इकडे."

बाईंनी दिला. त्याने तो स्वतःच्या करंगळीला लावला आणि दातओठ खाऊन दाबला.

"आई गं."

गुंड्याने कान टवकारले. पुढचे दोन पाय टेबलावर रोवून, मागचं अंग फरफटत, कुंई कुंई करत तो प्लंबरकडे सरकला आणि त्याची करंगळी चाटायला लागला.