पाणमांजरीचं घर

“वळणावरचंच काढताय ना, भाऊजी?” मेहुण्याने विचारलं.

“मग काय मनातलं काढू?” चित्रकार म्हणाला.

एरवी मेहुणा हसला असता. आज हसला नाही. तो जंगलखात्यात रक्षक होता आणि दर आठवड्याला सुट्टीच्या दिवशी बहिणीच्या घरी चहाला यायचा. बहीण जाऊन दोन वर्षं झाली, तरी त्याने तो चहा चुकवला नव्हता. आता चहा चित्रकार करायचा. तो वाईट व्हायचा, आणि मेहुणा मुकाट्याने प्यायचा.

चित्रकाराचा एक हट्ट होता. जनावर जिथे दिसलं तिथे बसूनच ते काढायचं. झाड, दगड, पाण्याची धार, सगळं जसंच्या तसं. “तुमच्या चित्रात वाट चुकलेला माणूससुद्धा घरी पोचेल,” असं बायको त्याला चिडवायची.

समोरच्या चित्रात नदीचं वळण होतं. आडव्या पडलेल्या झाडाच्या मुळांत पाणमांजरी बसली होती, पोटाशी दोन पिल्लं. ही पाणमांजरी बायकोनेच पहिल्यांदा पाहिली होती, ती एवढंसं पिल्लू असताना. आजारपणात बायको रोज विचारायची, “आज दिसली का हो?” ती गेल्यावर नदीवर जायला चित्रकाराला तेवढं एकच निमित्त उरलं होतं. पाणमांजरी दिसली की त्याला वाटायचं, घरी जाऊन सांगावं. मग आठवायचं.

“शिकाऱ्यांनी कोल्ह्यांची जोडी मारली,” मेहुणा कपात बघत म्हणाला. “कातडी सोलून नेली. त्याआधी रानमांजर, मग तो मोठा पाणमांजराचा नर. वर्षभरात तिसरी वेळ.”

“त्यांना ठिकाण कसं कळतं?”

“कळतं कसंतरी.” मेहुण्याने कप खाली ठेवला. “हे चित्र असलेलं तुमचं कॅलेंडर कधी निघतंय?”

“महिनाअखेर.”

“बरं,” म्हणून तो उठला.

कप विसळताना चित्रकाराची नजर स्वयंपाकघरातल्या जुन्या कॅलेंडरवर गेली. बारा महिने, त्याचीच बारा चित्रं. एप्रिलमध्ये कोल्ह्यांची जोडी, मागे दुभंगलेला खडक, शेजारी मैलाचा दगड. मार्चमध्ये रानमांजर. ऑगस्टमध्ये तो नर. परिसर थोडाफार माहीत असलेला कोणीही माणूस तडक तिथे जाऊन उभा राहिला असता.

नळ वाहतच राहिला. इतकी वर्षं आपण चित्रं काढतो असं त्याला वाटत होतं. तो तर पत्ते लिहून देत होता.

मेहुण्याला गाठून सांगावं म्हणून त्याने चपला घातल्या आणि परत काढल्या. ज्याने ती जनावरं आपल्या हातांनी पुरली, त्याला कोणत्या तोंडाने सांगायचं? चित्र देणंच रद्द करावं, तर नर मिळालेले शिकारी मादीसाठी अख्खी नदी पिंजून काढणार. त्यापेक्षा त्यांना भलतीकडेच धाडलेलं बरं.

नदीच्या खालच्या अंगाला, तासाभराच्या वाटेवर एक मोडका पूल होता. त्याच्याखाली कित्येक वर्षांत कोणी पाणमांजर पाहिलं नव्हतं. चित्रकार दोन दिवस तिथे जाऊन बसला आणि पुलाचा दगड न् दगड कागदावर उतरवून घेतला. खोटं बोलायचं तरी दगड खरे हवेत! जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, ते काही उगाच नाही. मग त्याने वळण खरवडून काढलं, आडवं झाड पुसलं आणि पाणमांजरीला पुलाखाली बसवलं. आयुष्यातलं पहिलं खोटं चित्र. पण उतरलं झकास.

पुढच्या चहाला मेहुणा आला तेव्हा ते छापखान्यात पोचलंही होतं.

“शर्टाला धुराचा वास कसला रे?”

“पाला जाळला थोडा. चित्र गेलं?”

“गेलं. तुझ्या ताईला आवडलं नसतं.”

“ताईला तुमचं सगळंच आवडायचं,” मेहुणा म्हणाला. त्या दिवशी तो बऱ्याच दिवसांनी मोकळा हसला. दोघांनीही तो वाईट चहा आणखी एकेक कप घेतला.

कॅलेंडर निघालं, दुकानादुकानात लागलं. चित्रकार वळणाकडे फिरकला नाही. आपल्या पावलांचीसुद्धा तिकडे वाट पडायला नको होती. पिल्लं आता पोहायला लागली असतील, असं तो घरबसल्या मनाशी म्हणायचा, आणि त्याला शांत झोप लागायची.

एका सकाळी दार वाजलं. चहाचा दिवस नव्हता. दारात मेहुणा उभा होता, गुडघ्यापर्यंत चिखल.

“पाणमांजरी गेली, भाऊजी. दोन्ही पिल्लंसुद्धा.”

चित्रकाराने पायात चपला सरकवल्या. “वळणावर सापडली त्यांना?”

“नाही. मोडक्या पुलाखाली.”

“पुलाखाली ती कशी असेल? दुसरी असेल एखादी.”

“तीच होती. ताईची. मी ओळखणार नाही?” मेहुण्याला रडू आवरेना. तो उंबऱ्यावरच बसला.

“तू… कॅलेंडर पाहिलंस?”

“यंदाचं कशाला बघू? मागच्या वर्षीचं पाहिलं, तेवढं पुरे झालं. तिन्ही वेळा तुमच्या चित्रातल्याच जागेवर मारलं होतं.” त्याने बाहीने डोळे पुसले. “तुम्हाला सांगायचा धीर झाला नाही. म्हणून म्हटलं, चित्र छापून यायच्या आत तिला तिथून हलवावं. धूर करून वळणावरून हुसकली आणि पिल्लांसकट पुलाखाली मीच नेऊन घातली तिला, भाऊजी.”