थर्झा आत्याची पिशवी

"यात काय विटा भरल्यात?" ग्वेंडाने पिशवी दोन्ही हातांनी उचलून आत्याच्या मांडीवर ठेवली.

"थर्मास, छत्री आणि माझं म्हातारपण," थर्झा आत्या म्हणाली. "आडवी नको करूस."

एप्रिलातला रविवार होता. या दिवसांत खेड्यापाड्यांतली माणसं आपल्या घरची बाग एका दिवसापुरती सगळ्यांना खुली करत. फाटकावर पिवळी पाटी, दारात धर्मादायाची पेटी, आत चहा आणि केक. ग्वेंडा लहानपणापासून आत्या आणि एडविनकाकांबरोबर या बागा पाहत आली होती. काका नकाशा उलटा धरत, आत्या रस्ता सांगे आणि मागे बसलेली ग्वेंडा तेवढ्यात अंड्याची सँडविचं संपवून टाकी. आत्याच्या घरी परतल्यावर ती परसात खेळे. तिथली माती लाल होती. मोज्यांवरचे डाग धुऊनही जात नसत. हिवाळा सरता सरता काका काचघरात फुलांपुढे बसत आणि बारीक कुंचला या फुलातून त्या फुलात फिरवत. ते फुलांना रंग देतात, अशी तिची तेव्हा समजूत होती.

काका जाऊन काही वर्षं झाली होती. येत्या मंगळवारी आत्या घर विकून शहरात, तिसऱ्या मजल्यावर राहायला जाणार होती. नव्या मालकाला परसात गाड्यांसाठी फरशी घालायची होती.

ग्वेंडाला काळजी दुसरीच होती. परक्यांच्या बागेत, कुंपणाआड, आत्या हातात चमचा घेऊन गुडघ्यांवर बसलेली तिने दोनदा पाहिली होती. रोपं लांबवणाऱ्या अशा बायका असतात. चहा पितात, केकची तारीफ करतात आणि पर्स भरून निघतात. यंदा त्याचा गावोगाव बोभाटा झाला होता. आज आत्या सापडली, तर जन्मभराची अब्रू शेवटच्या फेरीत जाणार होती. तिला क्षणभरही नजरेआड होऊ द्यायचं नाही, असं ग्वेंडाने ठरवलं.

पहिली बाग पार्जेटर नावाच्या गुरांच्या निवृत्त डॉक्टरांची. विहिरीपाशी त्यांनी प्रिमरोजचा एक ताटवा दाखवला. विटकरी पाकळ्या, कडेने दुधी रेघ.

"मी लावलेला नाही. आपणहून आला," ते कौतुकाने म्हणाले. "पाखरांची कृपा."

"छान धरलाय," आत्या म्हणाली.

ग्वेंडा वाकून पाहू लागली. हेच फूल आत्याच्या परसात, काचघराच्या भिंतीशी होतं. दुसरीकडे कुठेही तिने ते पाहिलं नव्हतं. म्हणजे आत्याने ते इथूनच नेलेलं. निघताना तिने पार्जेटरांकडे पाहायचं टाळलं.

दुसरी बाग इमोजेन लॅथबरीची. तिथे सगळं पांढरं: ट्यूलिप पांढरे, बाक पांढरा, चहाच्या टेबलावरचं कापडही पांढरं. वाफ्यांतली माती काळीभोर, चाळून घातल्यासारखी. केक खाता खाता आत्याने विचारलं, की कुणी दुसऱ्या रंगाचं रोप भेट दिलं तर काय करता?

"हसून घेते आणि खताच्या ढिगावर टाकते," इमोजेन म्हणाली. "पण आपणहून आलेलं मात्र उपटवत नाही हो. एवढं चालत आलंय बिचारं, असं वाटतं."

आत्याने मान डोलावली. जरा बाकावर टेकते म्हणाली आणि पिशवी घेऊन उठली. ग्वेंडाही उठत होती, पण इमोजेनने तिच्या हातात बशांची चळत दिली आणि आपल्या गुडघेदुखीची हकीकत सुरू केली. ग्वेंडाला मान वळवता आली तेव्हा बाक रिकामा होता.

आत्या यू झाडांच्या दाट कुंपणामागून येताना दिसली. गुडघ्यांवर काळी माती, दंडावर पिशवी.

ग्वेंडा तिला कोपराला धरून फाटकाबाहेर, गाडीपाशी घेऊन गेली. "आत्या, जे घेतलंस ते परत ठेव. अजून कुणी पाहिलेलं नाही."

"काय घेतलंय मी?"

"मला सगळं ठाऊक आहे. विहिरीपाशीच्या फुलाचंही."

आत्याने पिशवी दंडावर सावरली. "तुला काकांचा कुंचला आठवतो?"

"विषय बदलू नकोस."

तेवढ्यात फाटकातून हाक आली. इमोजेन हात हलवत, लगबगीने त्यांच्याकडेच येत होती. विचार करायला वेळ नव्हता. रोप निदान आपल्या हाताने परत द्यावं म्हणून ग्वेंडाने पिशवी सगळा जोर लावून ओढली. पिशवी रिकाम्या टोपलीसारखी अलगद वर आली आणि ग्वेंडा मागे धडपडली.

पिशवीत थर्मास नव्हता, छत्री नव्हती. रोपही नव्हतं. एक चमचा होता आणि ओल्या वर्तमानपत्राचा चोळामोळा, त्याला चिकटलेली लाल माती.