बाल्कनीतलं बनियन

पोरं कॉलेजात गेल्यावर टेलरबाईच्या नवऱ्याला एकदाचा रोमान्स सुचला. तिने शिलाई मशीन बंद केलं, चहाचा कप घेतला आणि दोघं मोबाइलवर महागडी हॉटेलं बघायला बसली. प्रत्येक पलंगावर गुलाबाच्या पाकळ्या. त्या झाडायच्या कुणी, हे मात्र कुठल्याच मेल्याने लिहिलं नव्हतं.

पहिल्या हॉटेलच्या बाल्कनीत एक बनियन वाळत होतं. तिने फोटो मोठा केला. काखेत हिरव्या दोऱ्याने लावलेलं ठिगळ. पांढरा दोरा संपला म्हणून नवऱ्याच्या बनियनला तिनेच लावलेलं. स्वतःचा टाका तिने झोपेतही ओळखला असता.

"कुणाबरोबर गेला होतात?"

"अगं, तुला न्यायलाच माझं अर्धं आयुष्य गेलं! दुसरी कुठून आणू?"

दुसऱ्या हॉटेलातही तेच बनियन. तिसऱ्यातही.

"आणि माझ्याबरोबर बागेत फिरायचं म्हटलं की गुडघे दुखतात! आजपासून तुमचा रस्ता वेगळा." तिने कप असा आपटला, की चहा गाऊनवर सांडला.

नवऱ्याने घाईघाईने चौथं हॉटेल उघडलं. ते पुढच्या महिन्यात सुरू होणार होतं. बाल्कनीत बनियन होतंच.

"बघ! इथे अजून कुत्रंसुद्धा राहिलेलं नाही!"

तिचा जीव भांड्यात पडला. तिला हसूच फुटलं. "मग काय, बनियन एकटंच गेलं मजा मारायला?"

"एकटं नाही," नवरा हळूच म्हणाला.

बनियनच्या शेजारी तिचा गाऊन वाळत होता. आत्ता अंगावर होता तोच. त्यावर चहाचा डाग होता, आणि तो अजून पसरत होता.