पहाऱ्यावरचा मासा

अमिरातीतल्या खोर फक्कान बंदराच्या धक्क्याखाली कालवं खरवडायला उतरताना पाणबुड्या सुदेशने कमरेच्या दोरीचं टोक धक्क्यावरच्या भिवाच्या हाती दिलं. "खाली प्रवाळाशी एक झिंगा बीळ खणतो. त्याला धड दिसत नाय. बारका मासा दाराशी पहारा देतो, झिंग्याची मिशी कायम त्याच्या अंगाला. मासा थरथरला, की दोघं आत."

"म्हणजे मी मासा," भिवा हसला. "शेजारच्या जहाजाचा पंखा सुरू झाला, की हिसका देतो."

"फोरमन यल्ला यल्ला, चला चला करत आला, तरी दोरी सोडायची नाय."

खाली खरवडता खरवडता सुदेशला दिसलं, मासा थरथरला आणि दोघं बिळात गडप झाले. पाठोपाठ शेजारच्या जहाजाची घरघर पाण्यातून अंगावर आली. दोरी मात्र गप्पच. शेवटी त्यानेच ती जोरात ओढली.

अख्खी दोरी वेटोळी घेत त्याच्या अंगावर खाली आली.