सहावं कलम

"हो की नाही, एवढंच सांगा," चिटणीस म्हणाला. "समोरच्या पक्षाच्या उमेदवाराला तुम्ही भेटलात?"

"भेटले," नर्सबाई म्हणाली. "त्याने माझ्यासाठी माघार घेतली. निवडून आल्यावर नव्या दवाखान्यासाठी मिळून भांडायचं, असं ठरलं. यात लपवण्यासारखं काय आहे?"

पक्ष कार्यालयाच्या लांबट खोलीत शिस्त समितीचे पाच जण बसले होते. मतदानाला सहा दिवस उरले होते. खिडक्या बंद होत्या. खाली रस्त्यावर नर्सबाईच्याच प्रचाराची गाडी उभी होती आणि तिचा भोंगा मुद्दाम बंद ठेवला होता.

भिंतीलगतच्या बाकावर तिचे वडील बसले होते. पक्षाचं प्रत्येक पत्रक त्यांच्या छापखान्यात निघायचं, म्हणून लहानथोर त्यांना छापखानेकाका म्हणत. निकाल लागला की पत्रक लगेच छापायला घ्यायचं, म्हणून चिटणीसाने त्यांना बोलावून ठेवलं होतं. पोरीच्या हकालपट्टीचं पत्रक बापाने छापायचं होतं.

चिटणीसाने पक्षाची पातळ पुस्तिका उघडली.

"कलम सहा. 'निवडणुकीत इतर पक्षांशी समझोता करण्यास सभासदांना मनाई.' चाळीस वर्षांत यातून कोणी सुटलेलं नाही. पहिली हकालपट्टी झाली ती आप्पांच्या सख्ख्या भावाची. पक्ष त्या भावालाच अध्यक्ष करायला निघाला होता. तरी आप्पांनी तत्त्व सोडलं नाही. तिथे तुमची काय कथा?"

अध्यक्षाच्या खुर्चीवर आप्पा बसले होते. पक्ष उभा करणाऱ्यांपैकी आता ते एकटेच उरले होते. ऐंशी उलटली तरी पाठ ताठ होती. भावाचा विषय निघाला तेव्हा त्यांची पापणीही हलली नाही.

हात वर झाले. दोन हकालपट्टीच्या बाजूने, दोन विरुद्ध. आता आप्पांचं मत.

"दहा मिनिटं द्या," म्हणत आप्पा आतल्या खोलीत गेले.

काका उठले. नर्सबाईने त्यांचा हात धरला. "बाबा, माझ्यासाठी कुणाच्या पाया पडायचं नाही."

"नाही पडत," काका म्हणाले आणि आत गेले.

आप्पा पाणी पीत होते. काकांनी दार लोटून घेतलं.

"आप्पा, सहावं कलम चुकीचं छापलंय."

आप्पांनी पेला खाली ठेवला.

काकांनी खिशातून पिवळा पडलेला कागद काढला. "हा अधिवेशनात मंजूर झालेला मसुदा. तुमच्याच हातचा. यात 'सभासदांना मनाई नाही' असं आहे. खिळे जुळवताना शेवटचा 'नाही' माझ्याकडून गळला. तुमचे भाऊ ओरडून सांगत होते की असं ठरलंच नव्हतं. तेव्हा मला साक्षीला बोलावलंत. मी छातीठोकपणे म्हणालो, दिलं तसंच छापलं. पाच महिन्यांनी हा कागद रद्दीत सापडला. तोवर ते शहर सोडून गेले होते. माझी जीभच उचलेना."

"आज कशी उचलली?"

"पोटची पोर आहे." काका थांबले. "आणि मागच्या वर्षी तुमचे भाऊ वारले, तेव्हा मी स्मशानात पोचवायला गेलो होतो. पक्षातलं दुसरं कोणीच नव्हतं."

आप्पांनी कागदाची घडी घालून तो काकांना परत दिला.

"बाहेर सांगशील? सगळ्यांसमोर?"

"सांगतो."

काकांनी सांगितलं. कागद हातोहात फिरला. आप्पा म्हणाले, "अक्षर माझं आहे." समितीत एक शिंपीणबाई होत्या. आधीच्या मतदानात नर्सबाईच्या विरोधात त्यांनीच सगळ्यात आधी हात वर केला होता. त्या एकदम उठून उभ्या राहिल्या.

"या कलमापायी मी नवऱ्याला घराबाहेर काढलं, काका," त्या म्हणाल्या. "सात वर्षं झाली."

काकांनी मान खाली घातली.

नर्सबाईवरचा आरोप मागे घेतला गेला. कोणीतरी खिडकी उघडली. चिटणीसाचा चेहरा मात्र पांढराफटक पडला होता. त्याने पुस्तिका टेबलावर आपटली.

"आणि ज्याने चाळीस वर्षं पक्षाला अंधारात ठेवलं त्याचं काय? त्याला असाच जाऊ द्यायचा? पक्ष शुद्ध ठेवायचा असेल तर सुरुवात इथून करा!"

नर्सबाई उसळून उठली. "माझ्या वडिलांना काढणार असाल तर मीही..."

"खाली बस," काका म्हणाले. तिने त्यांचा असा आवाज कधी ऐकला नव्हता. "सहा दिवस उरलेत. प्रचाराला जा."

ठराव मांडला गेला. पाचही हात वर झाले. पहिला हात आप्पांचा होता.

काकांनी सभासदत्वाचं कार्ड टेबलावर ठेवलं. खाली गाडीचा भोंगा सुरू झाला. नर्सबाई डोळे पुसत जिना उतरली आणि तिच्यामागे बाकीचेही पांगले. काकांना चपला सापडेनात. ते दारापाशी चाचपडत होते तेवढ्यात मागून आप्पा काठी टेकत आले.

काकांनी हात जोडले. "आप्पा, शिक्षा कमीच झाली. माझ्या एका चुकीने तुमचा भाऊ तुम्हाला परका झाला."

"तुझी चूक नव्हती ती."

"तुमचं मन मोठं आहे, म्हणून असं म्हणता."

आप्पांनी जिन्याकडे पाहिलं. जिना रिकामा होता.

"तो 'नाही' तू नीट जुळवला होतास," ते हळू आवाजात म्हणाले. "त्या दुपारी तू जेवायला घरी गेलास, तेव्हा तो मी काढला."