ताईची वायर

सभागृहात बारा रांगा, एकशे वीस खुर्च्या आणि एक मुका स्पीकर होता. "देवाने तुला कशासाठी पाठवलं ते प्रवचनकार सांगतील, मग बघू तुझं दुरुस्तीचं दुकान," असं बाबांनी ताईला बजावलं होतं. ताईने स्पीकर उघडला, जळालेली वायर काढली आणि स्वतःच्या पिशवीतली जोडली. चार मिनिटं लागली. प्रवचनकारांनी माइकवर फुंकर मारली, आवाज शेवटच्या रांगेपर्यंत घुमला आणि त्यांनी छताकडे बघून हात जोडले. मग ताईने भरलेली ‘माझे गुण’ प्रश्नावली न उलगडताच म्हणाले, "बाळ, तुझ्यात सेवाभाव आहे. चहाचं बघ." "आणि हा स्पीकर?" "तो देवाच्या कृपेने चालला." बाबांनी मान डोलावली, "ऐकलंस ना? दुकान विसर." "मग कृपेवरच चालू द्या," ताई म्हणाली आणि स्पीकरमधली आपली वायर काढून घेऊन निघाली. प्रवचन तिसऱ्या रांगेपर्यंत ऐकू आलं.